पितळी वाद्यांची पहिली ओळख

साल्झबुर्गच्या दरबारात योहान आंद्रेआस शाख्टनर नावाचा एक ट्रम्पेटवादक होता. मोझार्ट कुटुंबाशी त्याचा जुना घरोबा होता. आणि वोल्फगांग मोझार्ट निवर्तल्यावर, १७९२ साली, त्याच्या बहिणीच्या विचारणेवरून शाख्टनरने तिला जे पत्र लिहिले, ते त्या अलौकिक संगीतकाराच्या बाळपणाविषयीच्या महत्त्वाच्या दस्तऐवजांपैकी एक मानले जाते. त्यात तो लिहितो की, वयाच्या सुमारे दहाव्या वर्षापर्यंत या मुलाला ट्रम्पेटचे अनावर भय वाटत असे. इतर वाद्यांच्या मेळात ते वाजत असले तर त्याला चाले, परंतु एकटे ट्रम्पेट त्याला सोसवत नसे, आणि ते नुसते समोर धरले तरी छातीवर भरलेले पिस्तूल रोखावे तशी त्याची अवस्था होई. ही भीती एकदाची मोडून काढावी म्हणून वडिलांनी, म्हणजे लेओपोल्ड मोझार्ट यांनी, शाख्टनरला मुलाच्या अगदी समोर उभे राहून ट्रम्पेट फुंकण्यास फर्मावले. तो प्रखर स्वर कानी पडतो न पडतो तोच मूल पांढरेफटक पडले आणि खाली कोसळू लागले. आपण आणखी क्षणभर वाजवीत राहिलो असतो तर त्याला खात्रीने झटके आले असते, असे शाख्टनरने नमूद करून ठेवले आहे.

त्याच पत्रात याच मुलाच्या कानांच्या सूक्ष्मतेचाही दाखला आहे: पूर्वी वाजवून पाहिलेले एक व्हायोलिन आपल्या व्हायोलिनपेक्षा अर्ध्या पाव सुराने उतरलेले होते, हे त्याने स्मरणाने सांगितले आणि ते खरे निघाले. तेव्हा त्या भीतीला निव्वळ बालिश हट्ट म्हणून सोडून देता येत नाही. पितळी वाद्यांचा स्वर जोराने फुंकला असता केवळ मोठा होत नाही, त्याची जातच पालटते. वादकाने जोर केला की नळीतील हवेच्या दाबाची लहर पुढे सरकता सरकता अधिकाधिक तीक्ष्ण होत जाते, मूळ स्वराच्या वरचे उपस्वर भराभर जागे होतात, आणि ज्याला आपण झळाळी म्हणतो तो धारदार गुण त्या आवाजाला प्राप्त होतो. तेच वाद्य मंद फुंकले तर त्यातून गोल, भरीव आणि थेट मनुष्याच्या कंठाशी नाते सांगणारा स्वर निघतो. मुलांना वाद्यवृंदातील पितळी वाद्यांची ओळख करून देऊ इच्छिणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना माझे सांगणे एवढेच आहे की, ही ओळख मंद स्वरापासून सुरू व्हावी, आणि हा स्वर धातूतून नव्हे तर माणसाच्या ओठांतून जन्म घेतो, ही गोष्ट मुलांना प्रथम त्यांच्या स्वतःच्या ओठांनी कळावी.

कारण या वाद्यांचे सारे रहस्य ओठांत आहे. ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्युबा ही जी चार मुख्य वाद्ये सिंफनी वाद्यवृंदाच्या मागील ओळीत झळकताना दिसतात, त्यांना एका कुळात बांधणारा धागा तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूचा नाही. सॅक्सोफोन सबंध पितळेचा असूनही या कुळात मोडत नाही, कारण त्याचा नाद वेताच्या पातळ पट्टीच्या कंपनातून निघतो. उलट आल्प्स पर्वतातील गुराख्यांचा लांबलचक आल्पहॉर्न लाकडाचा असूनही नादोत्पत्तीच्या दृष्टीने याच कुळातला ठरतो. वादक ओठ मिटून, कडा किंचित ताणून, त्यांतून श्वास सोडतो. ओठ थरथरतात, आणि ती थरथर माउथपीसच्या वाटीतून नळीत शिरून तिच्यातील हवेला डोलावते. वाद्यवृंद सूर जुळवताना ज्या स्वराला प्रमाण मानतो, तो वाजवताना ट्रम्पेटवादकाचे ओठ सेकंदाला सुमारे ४४० वेळा उघडमीट करीत असतात.

या दृष्टीने पाहिले तर मराठी मुलाची या कुळाशी तोंडओळख आधीच झालेली असते. पूजेच्या वेळी फुंकला जाणारा शंख आणि स्वागतसमारंभात दाराशी वाजणारी तुतारी, या दोहोंत नाद उत्पन्न होतो तो याच रीतीने. शंखाला कोणी वेत बसवीत नाही आणि तुतारीला भोके पाडीत नाही. फुंकणाऱ्याच्या ओठांचा ताण आणि श्वासाचा जोर यांवरच सारा मामला चालतो. ज्या मुलाने आजोबांच्या हातातला शंख हट्टाने मागून घेऊन, गाल फुगवून नुसतीच हवा फुंकली असेल आणि मग अचानक एखाद्या क्षणी त्यातून हुंकार उमटलेला ऐकला असेल, त्याला ट्रम्पेटचा पहिला धडा मिळालेला आहे.

वर्गात हे दाखवण्यासाठी मोलाचे वाद्य लागत नाही. बागेला पाणी घालण्याच्या रबरी नळीचा दीड-दोन मीटरचा तुकडा घ्यावा, एका टोकात माउथपीस घट्ट बसवावा, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघरातील नरसाळे खोचावे, आणि मुलांना आळीपाळीने फुंकायला द्यावे. प्रथम नुसती हवेची सळसळ ऐकू येईल. मग ओठांचे कोपरे आवळून, मध्ये अगदी बारीक फट ठेवून, माशीच्या गुणगुणण्यासारखा आवाज काढायला सांगावा. तो आधी माउथपीसशिवाय, मग नुसत्या माउथपीसमध्ये, आणि शेवटी नळीत. जी गुणगुण क्षणापूर्वी क्षुद्र वाटत होती, तीच नरसाळ्यातून सबंध खोली भरणारा स्वर होऊन बाहेर पडते, आणि त्या वेळी मुलाच्या चेहऱ्यावर जो विस्मय उमटतो तो पाहण्यासारखा असतो. हा प्रयोग केवळ पोरखेळ आहे असेही कोणी समजू नये. इंग्लंडचा अद्वितीय हॉर्नवादक डेनिस ब्रेन याने १९५६ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, हॉफनुंग संगीतमहोत्सवात, खच्चून भरलेल्या सभागृहापुढे अशाच रबरी नळीवर एका काँचेर्टोचा भाग वाजवून दाखवला होता, आणि ती रचना लेओपोल्ड मोझार्ट यांचीच होती.

एवढ्यावर मूल साहजिकच विचारते की, नळीला ना भोके ना पट्ट्या, मग निरनिराळे स्वर यायचे कुठून? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आपल्याकडे एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे तंबोरा. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडता, गांधार ऐकू येतो. त्यालाच आपण स्वयंभू गांधार म्हणतो. नळीतील हवेच्या पोटातही असेच स्वयंभू स्वर दडलेले असतात. ओठ सैल ठेवले की नळी खालचा षड्ज देते, थोडे आवळले की पंचम, आणखी आवळले की वरचा षड्ज, त्यानंतर गांधार, पुन्हा पंचम, आणि याच क्रमाने पुढे. खाली हे स्वर एकमेकांपासून दूर दूर असतात आणि वर चढत जावे तसतसे जवळ येत जातात. शाळेच्या कवायतीत किंवा पोलिसांच्या मानवंदनेत वाजणारा बिगूल ऐकावा: पंचम, षड्ज, गांधार, पंचम एवढ्याच स्वरांतून त्याच्या सर्व हाळ्या बांधलेल्या असतात. रिषभ नाही, मध्यम नाही, कारण त्या टप्प्यात ते स्वर नळीजवळ मुळातच नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक ट्रम्पेटवादकांचा आणि हॉर्नवादकांचा संसार याच स्वयंभू स्वरांवर चाललेला होता. मधले स्वर हवे असतील तर हॉर्नवादक आपला हात वाद्याच्या भोंग्यात कमीजास्त कोंबून ते साधत, आणि ते स्वर दबलेले, घुसमटलेले येत.

ही अडचण दूर करण्याची तजवीज अनेकांनी केली. व्हिएन्नाच्या आंटोन वाइडिंगर याने ट्रम्पेटला भोके पाडून त्यांवर झाकणे बसवली, आणि त्या वाद्यासाठी हायडनने १७९६ साली जो काँचेर्टो लिहिला तो आजही प्रत्येक ट्रम्पेटवादकाच्या तालमीत असतो. परंतु खरी क्रांती झाली ती व्हॉल्व्हने. हाइन्रिख श्ट्योल्त्सेल आणि फ्रीडरिख ब्ल्यूमेल या दोघा जर्मन वादकांनी १८१८ साली प्रशियाच्या सरकारकडून या युक्तीची सनद मिळवली. युक्ती ऐकायला अगदी साधी आहे: कळ दाबली की हवा सरळ न जाता एका लहानशा वळशातून फिरून जाते, त्यामुळे नळी तेवढ्यापुरती लांब होते, आणि नळी लांब झाली की तिचे सगळे स्वयंभू स्वर एकदम खाली सरकतात. ट्रम्पेटची मधली कळ अर्ध्या सुराने स्वर उतरवते, पहिली एका सुराने आणि तिसरी दीड सुराने. या तीन कळांच्या मेळातून नळीच्या सात निरनिराळ्या लांब्या मिळतात, आणि तेवढ्यांत सप्तकातील बाराही स्वरांचा बंदोबस्त होतो.

ट्रॉम्बोनला मात्र या सनदेची गरज पडली नाही, कारण त्याने हा प्रश्न पंधराव्या शतकातच सोडवला होता. त्याची नळी सरकती असते. हात पुढे नेला की ती लांबते, मागे घेतला की आखूड होते, आणि हाताच्या सात मुक्कामांवर तीच सात लांब्यांची योजना सिद्ध होते. मुक्कामांवर खुणा कोरलेल्या नसतात. वादकाला ते कानाने शोधावे लागतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा हात सातव्या मुक्कामापर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्याच्यासाठी आटोपशीर बांधणीचे ट्रॉम्बोन मिळतात, आणि अलीकडे हलक्या प्लॅस्टिकचीही वाद्ये निघाली आहेत. मुलांना ट्रॉम्बोन फार आवडतो, कारण त्यात स्वराची वाट डोळ्यांना दिसते. याच वाद्याविषयी मोठ्या माणसांचा मोठा गैरसमज आहे की, ते गर्जना करण्यासाठीच जन्माला आले. वस्तुतः व्हेनिसच्या सान मार्को चर्चचा संगीतकार जोव्हानी गाब्रिएली याने १५९७ साली छापलेल्या एका सोनाटात, कोणते स्वर मंद आणि कोणते जोराने वाजवायचे हे लिहून ठेवले आहे. अशी सूचना छापून देणाऱ्या अगदी आरंभीच्या रचनांपैकी ही एक. दोन समूहांत विभागलेल्या तिच्या आठ वाद्यांपैकी सहा ट्रॉम्बोन आहेत. अर्थात, युरोपीय संगीताने मंद आणि तीव्र यांची नोंद कागदावर घेण्यास सुरुवात केली, ती ट्रॉम्बोनच्या साक्षीने केली. मुलांना हा सोनाटा जरूर ऐकवावा. दोन समूह परस्परांना हळू आवाजात उत्तरे देतात आणि मधूनच एकत्र येऊन उंच उठतात. ते ऐकणाऱ्या मुलाला पितळेची भीती वाटणे शक्य नाही.

यापुढची पायरी म्हणून मी द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीचा दुसरा भाग सुचवीन. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर १८९३ मध्ये प्रथम वाजलेल्या या सिंफनीच्या त्या भागाच्या आरंभी पितळी वाद्यांचे काही मोजकेच स्वरमेळ येतात, अगदी सावकाश आणि अगदी मंद, आणि मग ते बाजूला होऊन इंग्लिश हॉर्न या लाकडी वाद्याला पुढे वाट करून देतात. त्या मोजक्या स्वरांत ट्युबाही आहे; आणि विशेष म्हणजे सबंध सिंफनीत ट्युबाला या एका भागाखेरीज काहीच काम नाही. उरलेला सगळा वेळ तो वादक मांडीवर वाद्य घेऊन बसून असतो. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत, जी १८०८ सालच्या डिसेंबरात व्हिएन्नात प्रथम सादर झाली, तिन्ही ट्रॉम्बोनवादक तीन भाग स्वस्थ बसतात आणि चौथ्याच्या आरंभी एकदम उठाव घेतात. मुलांना हे आवर्जून दाखवावे, कारण मैफलीत डोळे कुठे ठेवायचे हे त्यांना त्यातून उमगते: जो वादक माउथपीस तळहातात धरून ऊब देत आहे किंवा वाद्य हळूच ओठांजवळ नेत आहे, त्याच्याकडे पाहात राहावे, म्हणजे पुढे काय येणार याची चाहूल लागते.

हॉर्नविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मुलांसाठी रचलेल्या संगीतात त्याच्याच वाट्याला सर्वांत संस्मरणीय भूमिका आली आहे. एफ स्वराच्या हॉर्नची नळी उलगडली तर सुमारे पावणेचार मीटर भरते, म्हणजे ट्रम्पेटच्या अडीचपट. त्याचा भोंगा मागे वळवून धरतात आणि उजवा हात त्यात ठेवतात. यामुळे त्याचा स्वर श्रोत्यांकडे थेट न येता मागच्या भिंतीवरून परतून, मऊ होऊन येतो. नाताल्या सात्स यांच्या मॉस्कोतील बालरंगभूमीसाठी प्रोकोफिएव्हने १९३६ साली ‘पेत्या आणि लांडगा’ ही संगीतकथा लिहिली, तेव्हा लांडग्यासाठी त्याने तीन हॉर्न योजले. तीन हॉर्न मिळून खालच्या पट्टीत जो दाट, काळोखा स्वरमेळ देतात, त्याने मुले आईला बिलगतात खरी, परंतु पुन्हा तोच भाग लावायला सांगतात. भय येथे कथेच्या चौकटीत आलेले असते, आणि मुख्य म्हणजे ते अकस्मात आलेले नसते. कारण प्रयोगापूर्वी मुलांना वाद्ये दाखवावी आणि प्रत्येक पात्राची सुरावट वाजवून ऐकवावी, अशी सूचना प्रोकोफिएव्हने स्वतःच देऊन ठेवली आहे. ही सूचना गाळून जे लोक नुसती ध्वनिमुद्रिका लावून देतात, ते मुलांचे नुकसान करतात असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्लंडमध्ये बेंजामिन ब्रिटनने मुलांना वाद्यवृंद समजावून सांगण्यासाठी जी रचना केली, ती १९४६ साली प्रथम वाजली आणि त्याच सुमारास एका शैक्षणिक चित्रपटातूनही शाळाशाळांत पोहोचली. हेन्री पर्सेलच्या एका जुन्या सुरावटीवर तीत तेरा रूपे आहेत, आणि पितळी वाद्यांचा क्रम लागतो तो लाकडी आणि तंतुवाद्ये होऊन गेल्यावर: आधी हॉर्न, मग ताशाच्या जातीच्या छोट्या ड्रमच्या साथीने दौडत येणारी ट्रम्पेट, आणि मग भारदस्त चालीचे ट्रॉम्बोन व ट्युबा. लहान मुले तोवर चुळबुळू लागतात हे खरे. त्यांना पहिल्या खेपेस एवढाच तुकडा वेगळा काढून ऐकवण्यास हरकत नाही. सबंध रचना ऐकण्याची उमेद यथावकाश आपोआप येते.

ट्युबा या कुळातला सर्वांत धाकटा. बर्लिनच्या व्हिल्हेल्म व्हीप्रेख्ट आणि योहान मोरित्स यांनी १८३५ साली त्याची सनद घेतली. त्याचा भोंगा वर तोंड करून असतो आणि मोठ्या ट्युबाची नळी पाच मीटरांहून लांब भरते. पायाचे स्वर धरून राहणे हे त्याचे नेहमीचे काम; परंतु या वाद्यालाही गाता येते, हे सांगणारी ‘टबी द ट्युबा’ नावाची एक सुंदर संगीतकथा पॉल ट्रिप आणि जॉर्ज क्लाइनसिंगर या अमेरिकन जोडीने मुलांसाठी लिहिली आहे, आणि व्हॉन विल्यम्सने १९५४ साली ट्युबासाठी स्वतंत्र काँचेर्टो लिहून मोठ्या माणसांचीही खात्री पटवली आहे.

आपल्याकडे ही वाद्ये परकी राहिलेली नाहीत. गोव्यातील चर्चना जोडलेल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलांना स्वरलेखन वाचण्याची तालीम मिळाली, आणि तेथून मुंबईस आलेल्या वादकांनी हॉटेलांतील वाद्यवृंद आणि चित्रपटांचे स्टुडिओ आपल्या ट्रम्पेट-ट्रॉम्बोनने भरून टाकले. चिक चॉकलेट या नावाने ख्यातनाम झालेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेव्हियर वाझ त्यांतलेच. सी. रामचंद्र यांच्या संगीताने गाजलेल्या ‘अलबेला’ या १९५१ सालच्या चित्रपटात त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाल्यापासून ही चारही वाद्ये एका मंचावर पाहण्याची सोय महाराष्ट्रातील मुलांना झाली आहे. आणि ज्यांना मुंबई दूर पडते, त्यांच्या गावात लग्नाच्या वरातीचा बँड असतोच. त्यातील ट्रम्पेटवादकाला, वरात सुरू होण्याआधी तो सावलीत बसलेला असताना, मूल घेऊन भेटावे आणि हळू वाजवून दाखवण्याची विनंती करावी. आपल्या कलेविषयी कोणी आस्थेने विचारले की हे लोक मनापासून सांगतात. वाजवून झाल्यावर तो एक बारीक कळ दाबून वाद्यातून पाणी काढील. ते पाहून मुले तोंड वाकडे करतात. परंतु ती लाळ नव्हे, उष्ण श्वासातील बाष्प गार पितळेला लागून झालेले ते पाणी असते.

ज्या मुलाला प्रत्यक्ष शिकण्याची इच्छा होईल, त्याचे पुढचे दुधाचे दात पडून कायमचे आलेले असावेत, कारण माउथपीसचा भार त्यांवरच पेलला जातो. म्हणून साधारणतः सात-आठ वर्षांच्या आधी घाई करू नये. ट्रम्पेटऐवजी कॉर्नेटने आरंभ करणे पुष्कळ शिक्षकांना पसंत असते, कारण त्याची नळी तेवढीच असली तरी गुंडाळी आटोपशीर असते आणि वजन शरीराजवळ राहते. पहिले काही आठवडे खालचा षड्ज आणि पंचम यांच्यामध्ये स्वर हेलकावे खात राहील. मूल ठरवील एक आणि येईल दुसराच. या काळात घरातल्यांनी मोठ्या आवाजाची मागणी मुळीच करू नये. ओठांचे स्नायू लवकर शिणतात, तेव्हा दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठकी पुरेत, आणि प्रत्येक बैठकीत एकच लांब स्वर, शक्य तितका हळू, श्वास संपेपर्यंत धरायला सांगावा.